थोरल्या भावाचे आठ रुपये

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोकणातल्या कोतळूक गावी झाला. ते लहान असतानाच वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते दरमहा धाकट्याच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. १८८४ साली गोपाळराव पदवीधर झाले. पुढे फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी अनेक वर्षे शिकवले आणि नंतर ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात जाऊन पोहोचले.

पण ज्याला असा भाऊ नाही, त्या मुलाने काय करावे? या प्रश्नाला दानधर्म पुरा पडत नाही, त्याला कायदाच लागतो. बडोद्यात सयाजीरावांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणलेच होते. मार्च १९११ मध्ये गोखल्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानासाठी तसे विधेयक मांडले. पैसा कोठून आणायचा, लोकांची मागणी तरी कुठे आहे, असे आक्षेप आले. अर्थसंकल्पातला आकडा न् आकडा जाणणाऱ्या गोखल्यांनी खर्चाचा हिशेबही मांडला; तरीही १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी विधेयक फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते गेले. देशभरातील मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क देणारा कायदा झाला तो थेट २००९ साली!

हा इतिहास आज आठवायचा तो स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांसाठी. गोंदिया जिल्ह्यात देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या एखाद्या खेड्यात असे मूल असेल, तर त्याला बोलायला, स्वतःच्या हाताने जेवायला, चारचौघांत वावरायला शिकवणार कोण? उपचारासाठी नागपूर गाठायचे म्हटले, तर गोंदियापासूनच ते सुमारे १३० किलोमीटर. रोजची मजुरी बुडवून आई किती खेपा घालील? गोविंदरावांचा त्याग इथे घरोघरी चालू आहे, फक्त त्याचे चरित्र कोणी लिहीत नाही.

कायदा नाही असे नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद आहे. ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना त्यात मोफत शिक्षणाचा हक्कही दिला आहे. पुनर्वसनाच्या सेवांची गोष्ट आली, की मात्र सरकारच्या आर्थिक ऐपतीची अट पुढे येते. १९१२ सालचाच हा आक्षेप. तो आता कायद्याच्या कलमात जाऊन बसला आहे, इतकेच.

ही अट काढून टाकावी. तालुक्याच्या ठिकाणी प्रशिक्षित शिक्षक व वाचा-उपचार मिळणे हा मुलाचा हक्क ठरावा आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र रक्कम असावी. नुसत्या कायद्याने माणसे तयार होत नाहीत, हे खरेच. पण कायदा असला, तर निदान बापाला कचेरीत हात जोडून उभे राहावे लागत नाही. तो हक्काने विचारू शकतो. शाळेच्या हक्कासाठी आपण शंभर वर्षे घालवली. वाढत्या वयाच्या मुलाजवळ तेवढा वेळ नसतो.