रक्तदाब मोजणारे स्वामी

गोंदियाची थंडी मी तुम्हाला नव्याने काय सांगू! पहाटे होस्टेलच्या नळाखाली उभं राहिलं की ती आपोआप कळते. पण मला ती खरी कळली घरी.

गेल्या डिसेंबरात बाबा खळ्यावर धान बघायला म्हणून पहाटे गोधडीतून ताडकन उठले आणि दारातच डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळले. त्यांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत. डॉक्टरांनी त्यांचं बीपी आधी झोपवून, मग उभं करून मोजलं. आकड्यांत चांगलाच फरक! मला वाटलं, मशीनच बिघडलं.

याचं उत्तर लायब्ररीत शोधताना मला स्वामी कुवलयानंद भेटले.

त्यांचं मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, गुजरातेत डभोईला. १९०३ साली मॅट्रिकला त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. बडोद्याला माणिकरावांकडे व्यायाम शिकले, पुढे अमळनेरला राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडून योग शिकले. इथवरची गोष्ट एखाद्या साधकाची वाटते. पण या माणसाला अनुभव आला तरी पुरावा हवाच होता. त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात उड्डियान आणि नौलीचे एक्स-रे काढवले. नौलीत आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो हे मोजून दाखवलं आणि त्या निर्वाताला गुरूंचं नाव दिलं. १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघालं. त्यात त्यांनी सर्वांगासन आणि मत्स्यासनातल्या रक्तदाबाचे प्रयोग छापले. म्हणजे शरीर कसं ठेवलं की दाब किती, हा आमच्या दारातलाच प्रश्न!

१९२७ साली दौऱ्यात गांधीजींचा रक्तदाब वाढला, तेव्हा नंदी टेकडीवर विश्रांती घेताना त्यांनीही आसनांबद्दल स्वामीजींशी पत्रव्यवहार केला. १९६६ साली स्वामीजी गेले.

आता आपल्या थंडीकडे येऊ. गारठ्यात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात. पाइप अरुंद झाला की रोध वाढतो, तसा दाब चढतो. आडवं असताना रक्त छातीकडे सहज परततं. उभं राहिलं की अर्धा-पाऊण लिटर रक्त पोटापायांकडे उतरतं. मग वाहिन्या आवळाव्या लागतात, ठोके वाढवावे लागतात. म्हणून एकच थंडी झोपलेल्या माणसाच्या हृदयाला वेगळी आणि उभ्या माणसाच्या हृदयाला वेगळी. बाबांच्या वाहिन्या गोधडीच्या उबेनं सैल, त्यात गोळ्यांचा परिणाम. ताडकन उठल्यावर दाब सावरायला वेळच मिळाला नाही, असं डॉक्टरांनी समजावलं.

आता बाबा आधी कुशीवर वळतात, दोन मिनिटं खाटेच्या काठावर बसतात, शाल घेतात, मग उठतात. मी सुटीत तिन्ही स्थितींत बीपी मोजून वहीत लिहितो. आई हसते. म्हणते, पोरगा डॉक्टर झाला.

योगाचं नाव निघालं की आपण एकतर हात जोडतो, नाहीतर टर उडवतो. स्वामीजींनी यातलं काहीच केलं नाही, मोजमाप केलं. इंजिनिअर होणाऱ्यानं त्यांच्याकडून एवढं जरी घेतलं तरी पुष्कळ झालं.

आणि हो, उद्या पहाटे गजर वाजला की ताडकन उठू नका!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी