छात्रसेनेचे पंडितजी : हृदयनाथ कुंझरू

गेल्या वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या रात्री आपल्या मांडवात सजावटीची धांदल चालली होती. कमानीला बांधलेले तोरण दोनदा सुटून खाली आले. तिसऱ्या वेळी माझी नात शिडीवर चढली आणि तिने बांबूला दोरीचे दोन वेढे असे घातले की विसर्जनापर्यंत ते तोरण हलले नाही. या गाठीला क्लोव्ह हिच म्हणतात, असे तिने खाली उतरल्यावर सांगितले. ती कॉलेजात राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागात आहे. हे ऐकून आमच्या कार्यालयातले एक जुने सहकारी म्हणाले की अहो, दिल्लीत समुद्र कुठला? सगळे हसले, मीही हसलो. नात मात्र हसली नाही.

घरी आल्यावर मला जरा वाईट वाटले, कारण त्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते. यंदा संपादक मंडळींनी स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ते उत्तर लिहून काढावे असे ठरवले. हे उत्तर म्हणजे एका माणसाचे चरित्र आहे. माणूस मराठी नव्हे, पण आपल्या पुण्याशी जन्मभर बांधलेला. त्यांचे नाव पंडित हृदयनाथ कुंझरू.

कुंझरूंचा जन्म १ ऑक्टोबर १८८७ रोजी आग्र्याचा. घराणे काश्मिरी पंडितांचे. वडील अयोध्यानाथ हे नामवंत वकील आणि काँग्रेसच्या पहिल्या पिढीतले पुढारी. हृदयनाथ लहान असतानाच, १८९२ मध्ये ते वारले. घरची परंपरा पाहता मुलानेही वकिली करून नाव आणि पैसा मिळवला असता. पण १९०९ साली त्यांनी वेगळीच वाट धरली. कोकणातल्या कोतळुकला जन्मलेल्या नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला होता. त्याचे सदस्य व्हायचे म्हणजे सात शपथा घ्यायच्या, देशाचा विचार आधी करायचा, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही आणि संस्था देईल त्या बेताच्या मानधनात घर चालवायचे. कुंझरूंनी ही दीक्षा घेतली ती कायमची. गोखले १९१५ मध्ये गेले. त्यांच्यानंतर श्रीनिवास शास्त्री, मग आपले गोपाळ कृष्ण देवधर आणि १९३६ पासून कुंझरू अध्यक्ष झाले. पुढे बेचाळीस वर्षे, म्हणजे मरेपर्यंत, गोखल्यांच्या संस्थेची धुरा या उत्तर हिंदुस्थानी गृहस्थांच्या खांद्यावर होती.

त्यांचा ओढा पहिल्यापासून तरुण मुलांकडे. पंडित मदनमोहन मालवीय आणि श्रीराम वाजपेयी यांच्याबरोबर त्यांनी अलाहाबादेत सेवा समितीचे बालवीर पथक उभे केले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये निरनिराळ्या बालवीर संघटना एकत्र येऊन भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली, तिचे पहिले राष्ट्रीय आयुक्त कुंझरूच.

आता समुद्राकडे येतो. इंग्रजांच्या राज्यात हिंदी माणूस जहाजावर खलाशी असे, पण अधिकारी नसे. मुंबईला डफरिन हे प्रशिक्षण जहाज सुरू झाले ते १९२७ मध्ये, आणि तेही व्यापारी जहाजांवरच्या अधिकाऱ्यांसाठी. नौदलात पहिला हिंदी अधिकारी, डी. एन. मुखर्जी, नेमला गेला १९२८ मध्ये. शाळकरी मुलांना दर्यावर्दी शिक्षण देणारी सी कॅडेट कोअर १९३८ साली कराचीत निघाली आणि फाळणीनंतर मुंबईला आली. हे सगळे बंदराच्या गावी. आतल्या मुलुखातल्या मुलाने काय करावे? कॉलेजांतून लष्करी शिक्षणाची पथके होती, पण ती थोडी आणि विद्यापीठांपुरतीच. शाळेतली मुले आणि सगळ्याच मुली त्याबाहेर राहत.

फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत नाविकांचा उठाव झाला. त्याच वर्षी सप्टेंबरअखेरीस सरकारने देशव्यापी छात्रसेनेचा विचार करण्यासाठी एक समिती नेमली आणि अध्यक्षपद कुंझरूंना दिले. ना लष्करी गणवेश, ना बंदूक, असा हा उदारमतवादी माणूस! पण निवड योग्य ठरली. मार्च १९४७ मध्ये अहवाल हाती आला. कॉलेजातल्या मुलांचा एक विभाग, शाळेतल्यांचा दुसरा आणि मुलींचा तिसरा, अशी त्याची मांडणी होती. मुलांमध्ये चारित्र्य, बंधुभाव, सेवावृत्ती आणि पुढारपण यावे, आणि देशाला लागतील तेव्हा अधिकारी मिळावेत, असा दुहेरी हेतू. मात्र छात्र झाला म्हणून कोणावर सैन्यात जाण्याची सक्ती नाही. एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला, त्यातही हे स्पष्ट आले. जुलैत छात्रसेना सुरू झाली. तिचे पहिले संचालक कर्नल गोपाळ गुरुनाथ बेवूर. हेच पुढे आपले लष्करप्रमुख झाले.

मुलींचा विभाग १९४९ मध्ये, हवाई विभाग १९५० मध्ये आणि नौदल विभाग १९५२ मध्ये निघाला. वाचकहो, १९५२ साली भारतीय नौदलाचे प्रमुख अजून इंग्रजच होते. पहिले भारतीय नौदलप्रमुख रामदास कटारी १९५८ मध्ये आले. तेही डफरिनच्या पहिल्या तुकडीतले. म्हणजे आपल्या आरमाराची सूत्रे पूर्णपणे आपल्या हाती येण्याआधीच, ज्यांनी समुद्र पाहिलाही नाही अशा मुलांच्या हाती वल्ही देण्याची सोय झाली होती. दिल्लीत समुद्र कुठला, याचे उत्तर हे आहे. समुद्र नाही, म्हणूनच हा विभाग इथे हवा.

नातीकडून मी आता बरेच शिकलो आहे. दोरीच्या गाठी, हातातल्या दोन निशाणांनी अक्षरे दाखवणे, होकायंत्र वाचणे, जहाजाच्या प्रतिकृती बनवणे, शीड उभारणे. पण मला सर्वांत आवडली ती व्हेलर नावाची नाव. सत्तावीस फुटी, पाच वल्ह्यांची. एका बाजूला तीन वल्ही आणि दुसऱ्या बाजूला दोन. प्रत्येकाने आपापली ताकद दाखवायची ठरवली तर नाव गोल फिरणार. सुकाणूवरच्या मुलीचे सगळ्यांनी ऐकायचे, आणि तिनेही तिघांचा आणि दोघांचा जोर ओळखून हुकूम द्यायचा, तेव्हा कुठे नाव सरळ जाते. पहिल्या शिबिरात नात सुकाणूवर होती आणि नाव तीन वेळा काठाला लागली म्हणे. ओरडून उपयोग होत नाही, हे तिला त्या दिवशी कळले. घरात आम्ही ते तिला वीस वर्षे सांगत होतो.

आता एक अवघड गोष्ट सांगायला हवी. मी मूळचा बेळगावचा. १९५३ च्या डिसेंबरात राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला, त्यात फाजल अली आणि सरदार पणिक्कर यांच्याबरोबर तिसरे सदस्य कुंझरू होते. सप्टेंबर १९५५ च्या अहवालात मुंबईचे द्वैभाषिक राज्य, वेगळा विदर्भ आणि बेळगाव कर्नाटकात, अशा शिफारशी आल्या. चंदगड तालुका तेवढा इकडे राहिला. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. पुढे संयुक्त महाराष्ट्रासाठी किती रक्त सांडले ते आपण जाणता. सीमाभागातल्या मराठी माणसाला तो अहवाल कायमचा बोचत राहिला आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरी या तीन सदस्यांची नावे निघाली की बोलणे थांबायचे.

मी १९७९ मध्ये नोकरीनिमित्त दिल्लीला आलो. आमचे कार्यालय कस्तुरबा गांधी मार्गावर होते. जुनी मंडळी तेव्हाही त्याला कर्झन रोड म्हणत. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या बाराखंबा रोडवरच्या सप्रू हाऊसमध्ये वाचायला जाऊन बसायची मला सवय लागली. ही वास्तू ज्या इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्सची, तिच्या संस्थापकांपैकी एक आणि दीर्घकाळचे अध्यक्ष कुंझरू, हे मला तिथेच समजले. आदल्याच वर्षी, ३ एप्रिल १९७८ रोजी, ते नव्वदाव्या वर्षी वारले होते. घरी ज्या नावाने शांतता पसरायची, त्याच नावाच्या माणसाने उभ्या केलेल्या संस्थेत मी फुकट वाचत होतो! खरे सांगतो, काही दिवस मी तिथे गेलो नाही. मग पुन्हा जाऊ लागलो आणि त्यांच्याविषयीही वाचू लागलो.

वाचताना कळले की १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे ते राज्यसभेत होते. १९६८ मध्ये त्यांना भारतरत्न देऊ केले, ते त्यांनी नाकारले. प्रजासत्ताकात सरकारने असे मानसन्मान वाटू नयेत हे त्यांचे मत जुने होते, आणि मान स्वतःकडे चालत आला म्हणून त्यांनी ते बदलले नाही. आयोगाच्या शिफारशी मला पटल्या नाहीत, आजही पटत नाहीत. पण त्या देणाऱ्या माणसाचा त्यात काही स्वार्थ नव्हता, एवढे मी मान्य करतो. वडिलांना हे सांगायचे राहून गेले.

दोन वर्षांपूर्वी नातीचा छात्रसेनेचा अर्ज घरी आला. अभ्यास बुडेल, पाण्यात उतरावे लागेल, म्हणून सूनबाई का कू करत होत्या आणि निर्णय माझ्यावर आला. अर्ज हातात धरून मी थोडा वेळ बसलो. बेळगाव आठवले, वडील आठवले. आणि मग सूनबाईंना म्हणालो, की मुलीला जाऊ द्या.

यंदाही मांडवाचे तोरण तीच बांधणार आहे. कोणी पुन्हा समुद्राचे विचारले, तर तिने ही स्मरणिका पुढे करावी.

गणपती बाप्पा मोरया!