रजा मिळाली नाही तेव्हा

आमच्या कामोठ्याहून पेणला जाताना पळस्पे फाटा ओलांडला की शिरढोणची पाटी दिसते. कित्येक वर्षं मी ती एसटीच्या खिडकीतून नुसतीच बघत होते. मग माझी आई आजारी पडली. कामाच्या ठिकाणी रजेसाठी चार-चार वेळा हात जोडावे लागले, तेव्हा या गावच्या एका मुलाची आठवण झाली.

तो मुलगा म्हणजे वासुदेव बळवंत फडके. जन्म ४ नोव्हेंबर १८४५, याच शिरढोणचा. आद्य क्रांतिकारक, एवढं आपण शाळेत पाठ केलं आणि पुढे गेलो. पण मैत्रिणींनो, हा माणूस आधी पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात साधा कारकून होता, बरं का! १८७० मध्ये आई आजारी असल्याचा निरोप आला. साहेबाने वेळेवर रजा दिली नाही. घरी पोचेपर्यंत आई गेलेली होती. हे दुःख त्यांच्या मनातून कधीच गेलं नाही.

घरात मात्र ते काळाच्या पुढे होते. पहिली पत्नी वारल्यावर गोपिकाबाईंशी लग्न झालं. बाईने पुस्तक हातात धरणंही लोकांना खपत नव्हतं, त्या काळात फडक्यांनी बायकोला लिहायला-वाचायला शिकवलं, घोड्यावर बसायलाही शिकवलं.

पुढे १८७६-७७ चा दुष्काळ आला. माणसं अन्नावाचून मरत होती आणि सरकारला त्याचं काही नव्हतं. सुशिक्षितांनी साथ दिली नाही, तेव्हा फडक्यांनी रामोशांना हाताशी धरलं. फेब्रुवारी १८७९ मध्ये धामारीवर पहिला छापा पडला. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक थेट आपल्या पळस्प्यापर्यंत आले आणि परतीच्या वाटेवर सरकारी फौजेशी लढताना मारले गेले. दौलतरावांचं नाव आज किती जणींना माहीत असेल?

जुलैमध्ये फडके पकडले गेले. खटल्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, त्यांच्या बाजूने उभे राहिले. तरी जन्मठेप झालीच, आणि तीही समुद्रापार एडनला. तिथे कोठडीचं दार बिजागऱ्यांतून उचकटून ते पळाले, पण लगेच सापडले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथेच वारले. वय अवघं ३७. गोपिकाबाई मागे राहिल्या.

परवा लेकीला घेऊन मुद्दाम शिरढोणला उतरले. स्मारकापाशी तिने विचारलं, त्यांच्या बायकोचं नाव काय गं? मला ते सांगता आलं, याचंच बरं वाटलं.