विश्लेषण : चार ज्युरी, चार पराभव… लोकमान्य टिळकांच्या खटल्यांत ज्युरीची भूमिका काय होती?

लोकमान्य टिळकांवरील राजद्रोहाचे खटले, मंडालेचा तुरुंगवास आणि तिथे लिहिले गेलेले ‘गीतारहस्य’ हा इतिहास मराठी वाचकाला शाळेपासून माहीत असतो. मात्र टिळकांना दोषी कोणी ठरवले, या प्रश्नाला बहुतेक वेळा इंग्रज सरकार किंवा न्यायाधीश असे उत्तर मिळते. कायद्याच्या भाषेत ते उत्तर अपुरे आहे. दोषी की निर्दोष, हे सांगण्याचे काम ज्युरीचे होते. १८८२ ते १९१९ या काळात टिळक चार वेळा ज्युरीसमोर गेले, तीनदा मुंबईत आरोपी म्हणून आणि एकदा लंडनमध्ये वादी म्हणून. चारही वेळा निकाल त्यांच्या विरोधात गेला. ही ज्युरी कोण होती, कशी निवडली जात होती आणि तिच्यासमोर टिळकांनी काय मांडले, याविषयी…

ज्युरीचे काम काय असे?

खटल्यातील वस्तुस्थितीचा निवाडा सामान्य नागरिकांनी करावा, हे इंग्रजी न्यायपद्धतीचे जुने तत्त्व. न्यायाधीशाने कायदा समजावून सांगायचा आणि गुन्हा घडला की नाही, हे ज्युरीने ठरवायचे. आरोपीचा निवाडा त्याच्या बरोबरीच्या माणसांनी केला, तर सत्तेला मनमानी करता येत नाही, हा त्यामागचा विचार. मुंबई उच्च न्यायालयात चालणाऱ्या फौजदारी खटल्यांत नऊ जणांची ज्युरी असे. यादीतील नावे चिठ्ठ्या टाकून काढली जात. सरकार आणि आरोपी या दोघांनाही कारण न देता प्रत्येकी आठ नावे नाकारता येत. निवडलेले सदस्य शपथ घेत, आपल्यातून एक प्रमुख निवडत, सगळी सुनावणी ऐकत आणि शेवटी स्वतंत्र खोलीत बसून विचार करत. निर्णयाची कारणे त्यांना द्यावी लागत नसत. नऊपैकी किमान सहा जणांचे एकमत आणि त्याला न्यायाधीशांची संमती असेल, तर तो निकाल ग्राह्य धरला जाई. टिळकांच्या बाबतीत हा सहाचा आकडा फार मोलाचा ठरला.

टिळकांचा ज्युरीशी पहिला संबंध कधी आला?

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. १८७९ मध्ये ते कायद्याची पदवी परीक्षा उत्तीर्ण झाले. वकिली न करता त्यांनी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि गोपाळ गणेश आगरकर यांच्यासोबत न्यू इंग्लिश स्कूल आणि नंतर, १८८१ मध्ये, ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे सुरू केली. पत्रे सुरू होऊन दीड वर्ष होत नाही तोच कोल्हापूर प्रकरण उभे राहिले. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होत असल्याचा आरोप करणारा मजकूर दोन्ही पत्रांत आला. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्या पत्रांच्या आधारे आरोप केले गेले, ती बनावट निघाली. टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली, तरी जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. या निकालाबद्दल ज्युरीला दोष देण्यासारखे फारसे काही नव्हते, कारण पुरावाच कच्चा होता. पुढच्या दोन खटल्यांचे स्वरूप मात्र वेगळे होते. तिथे प्रश्न कागद खरा की खोटा हा नव्हता. छापलेल्या मराठी शब्दांचा अर्थ काय आणि लिहिणाऱ्याचा हेतू काय, हा होता.

१८९७ मध्ये ‘सहा विरुद्ध तीन’ या निकालाला महत्त्व का?

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावरून असंतोष होता. २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याआधी आठवडाभर, १५ जूनच्या ‘केसरी’त शिवजयंती उत्सवातील भाषणांचा वृत्तांत आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता छापून आली होती. या मजकुरावरून टिळकांवर भारतीय दंड संहितेच्या १२४-अ कलमाखाली राजद्रोहाचा आरोप ठेवला गेला. ‘केसरी’ पुण्यात छापला जात असला, तरी त्याचे अंक मुंबईत वाटले जात. त्यामुळे खटला मुंबईत चालवता आला.

न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यासमोर सप्टेंबरमध्ये सुनावणी झाली. ज्युरीत सहा युरोपीय आणि तीन भारतीय होते. सहाही युरोपीयांनी टिळकांना दोषी ठरवले, तर तिन्ही भारतीयांनी निर्दोष. सहा हा कायद्याने आवश्यक असलेला किमान आकडा होता. एक जरी मत फिरले असते, तरी त्या ज्युरीचा दोषी ठरवणारा निकाल ग्राह्य धरता आला नसता. न्यायमूर्तींनी राजद्रोहाच्या व्याख्येतील अप्रीती या शब्दाचा अर्थ सरकारबद्दल प्रीती नसणे, इतका सैल करून सांगितला होता, ही गोष्टही लक्षात घ्यावी लागते. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलनेही अपिलाची परवानगी नाकारली. वर्षभराने, सप्टेंबर १८९८ मध्ये त्यांची मुदतीपूर्वी सुटका झाली. दरम्यान सरकारने १२४-अ कलम आणखी व्यापक करून घेतले.

१९०८ ची ‘स्पेशल ज्युरी’ काय होती?

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूरला झालेल्या बॉम्बस्फोटात दोन इंग्रज स्त्रिया मरण पावल्या. त्यानंतर ‘केसरी’त आलेल्या लेखांपैकी १२ मे रोजीचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे दोन लेख सरकारने आक्षेपार्ह ठरवले. २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली. बॅरिस्टर महंमद अली जिना यांनी जामिनासाठी अर्ज केला, तो न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी फेटाळला. हेच दावर १८९७ मध्ये टिळकांचे बॅरिस्टर होते आणि त्यांनी टिळकांना जामीन मिळवून दिला होता.

यानंतर खरा प्रश्न आला तो ज्युरीचा. सरकार पक्षाने स्पेशल ज्युरीची मागणी केली. सर्वसाधारण यादीपेक्षा ही यादी लहान असे आणि तिच्यात प्रतिष्ठित, धनिक व्यक्तींची नावे असत. व्यवहारात तिच्यात युरोपीयांचा भरणा मोठा होता. चिठ्ठी निष्पक्ष असली, तरी ती ज्या यादीतून निघते ती यादीच एका बाजूला झुकलेली असेल, तर निवडही तशीच होणार, हे उघड होते. टिळकांच्या बाजूने या मागणीला विरोध झाला. मराठी लेखांवरचा खटला मराठी जाणणाऱ्या ज्युरीसमोर चालावा, असा तो मुद्दा होता. न्यायालयाने तो मानला नाही. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी आले.

मराठी लेखांचा निवाडा भाषांतरावरून कसा झाला?

१३ जुलैला खटला सुरू झाला आणि टिळकांनी स्वतःच बाजू मांडली. ज्युरीसमोर होते ते लेखांचे सरकारी इंग्रजी भाषांतर. त्यामुळे टिळकांच्या बचावाचा मोठा भाग या भाषांतराभोवती फिरला. त्यांनी सरकारी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली आणि मूळ शब्दांच्या छटा इंग्रजीत कशा बदलल्या, कुठे सौम्य शब्द जहाल झाला, हे एकेक करून दाखवले. मराठी वाक्य कोणत्या वादात, कोणाला उत्तर म्हणून लिहिले गेले, हे कळावे म्हणून त्यांनी इंग्रजांच्या वृत्तपत्रांतील मजकूरही वाचून दाखवला.

ज्युरीला उद्देशून टिळकांचे भाषण अनेक दिवस चालले आणि ते एकूण २१ तास १० मिनिटांचे झाले. भाषांतरानंतर त्यांचा दुसरा मुद्दा हेतूचा होता. शब्द कडक आहेत म्हणून हेतू गुन्हेगारी ठरत नाही, तो सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची आहे, असे त्यांनी मांडले. तिसरा मुद्दा ज्युरीच्या अधिकाराचा होता. इंग्लंडमध्ये वृत्तपत्रस्वातंत्र्य टिकले, ते सरकारच्या दडपणाला न जुमानणाऱ्या ज्युरींमुळे, ही आठवण त्यांनी समोर बसलेल्यांना करून दिली. भारतीय आरोपीने इंग्रजांना त्यांच्याच परंपरेशी प्रामाणिक राहायला सांगणे, असा हा प्रसंग होता.

२२ जुलैच्या रात्री ज्युरी निर्णय घेऊन परतली. सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दावर यांनी बहुमत मान्य केले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची व एक हजार रुपये दंडाची शिक्षा सुनावली. दुसऱ्या दिवशी टिळकांना ५२ वर्षे पूर्ण होत होती. निकालानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. शिक्षेचे पुढे साध्या कैदेत रूपांतर झाले आणि टिळकांना मंडालेला पाठवण्यात आले. जून १९१४ मध्ये ते पुण्यात परतले.

लंडनच्या ज्युरीसमोर जाण्याचा निर्णय का?

पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोल यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील असंतोषावरील पुस्तकात टिळकांवर गंभीर आरोप केले होते. टिळकांनी त्यांच्यावर लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. सुनावणी १९१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यायमूर्ती डार्लिंग आणि ज्युरी यांच्यासमोर झाली. टिळकांच्या बाजूने सर जॉन सायमन, तर चिरोल यांच्या बाजूने सर एडवर्ड कार्सन असे नामवंत वकील होते. मात्र टिळकांच्या विरोधातले एक शस्त्र आधीच तयार होते. मुंबईच्या ज्युरींनी दिलेले दोषी ठरवणारे निकालच बचाव पक्षाने पुढे केले. लंडनच्या ज्युरीने चिरोल यांच्या बाजूने कौल दिला. खर्चाचा मोठा बोजा टिळकांवर पडला आणि तो उतरवण्यासाठी महाराष्ट्रात निधी जमवण्यात आला. दीड वर्षात, १ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईतील सरदारगृहात टिळकांचे निधन झाले.

ज्युरीविना चाललेल्या खटल्यांत काय घडले?

ताईमहाराज प्रकरणात खालच्या न्यायालयांनी टिळकांना दोषी ठरवले होते, पण १९०४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. १९१६ मध्ये होमरूलच्या भाषणांवरून पुण्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी त्यांच्याकडून चांगल्या वर्तणुकीचा २० हजार रुपयांचा जातमुचलका मागितला. तेव्हाही उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी तो आदेश रद्द केला. यावरून न्यायाधीश नेहमी बरोबर आणि ज्युरी नेहमी चूक, असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. स्ट्रॅची आणि दावर हेही न्यायाधीशच होते. मात्र एक फरक महत्त्वाचा आहे. न्यायाधीशांना निकालाची कारणे लिहावी लागतात आणि ती वरच्या न्यायालयात तपासता येतात. १८९७ मधील सहा आणि १९०८ मधील सात जणांनी टिळकांचे युक्तिवाद का नाकारले, हे कागदावर कुठेच नाही. निर्दोष म्हणणाऱ्या एकूण पाच जणांची कारणेही तशीच बंद खोलीत राहिली.

भारतातून ज्युरी पद्धत कशी गेली?

१९५८ मध्ये विधी आयोगाने ज्युरी पद्धत बंद करण्याची शिफारस केली. १९५९ मध्ये मुंबईतील नानावटी खटल्यात ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते अमान्य झाले आणि उच्च न्यायालयाने निकाल फिरवला. वृत्तपत्रांतील प्रचाराचा ज्युरीवर परिणाम होतो, ही टीका तेव्हा जोर धरू लागली. अखेर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्युरीला स्थान उरले नाही.

टिळकांनी ज्युरीच्या तत्त्वालाच विरोध केला नव्हता, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. त्यांनी १९०८ मध्ये नऊ जणांसमोर २१ तास खर्च केले, कारण सामान्य माणसाला पटवून देता येते, यावर त्यांचा भरवसा होता. त्यांचा आक्षेप होता तो यादीवर आणि भाषेवर. ज्याच्या शब्दांचा निवाडा करायचा, त्याची भाषाच निवाडा करणाऱ्याला येत नसेल, तर चिठ्ठी, शपथ, बहुमत हे सगळे नियमानुसार होऊनही न्याय होत नाही. ज्युरी गेली, तरी प्रादेशिक भाषेतील लेख, भाषण किंवा कविता इंग्रजी भाषांतरातून न्यायालयापुढे जाते, तेव्हा हा आक्षेप आजही तसाच उभा राहतो.