विश्लेषण : शाळाच कुरणात गेली तेव्हा... ताराबाई मोडक यांनी शाळाबाह्य मुलांना कसे शिकवले?

मूल शाळेत का येत नाही, या प्रश्नावर पालकांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, हे उत्तर सर्रास दिले जाते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२-१९७३) यांनी हे उत्तर मान्य केले नाही. मूल दिवसभर काय करते, हे त्यांनी आधी पाहिले आणि शाळा त्यानुसार बदलली.

कोण होत्या ताराबाई?

मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर असलेल्या ताराबाईंनी राजकोट येथे अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या कामात सहभागी झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले. मात्र शहरातल्या सुस्थितीतील मुलांपुरते बालशिक्षण त्यांना अपुरे वाटत होते.

बोर्डीत काय घडले?

१९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे, आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी स्वतः रात्रशाळेत शिकून मॅट्रिक केले होते. बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतील मुले फिरकत नव्हती. मग शिक्षिकाच वस्तीवर जाऊ लागल्या. घरासमोरच्या अंगणात मुलांची आंघोळ, वेणीफणी, गाणी, गोष्टी आणि खेळ सुरू झाले. हीच अंगणवाडी. मॉन्टेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती. त्यामुळे शिंपले, खडे, बिया आणि पाने हीच शिकवण्याची साधने झाली.

कुरणशाळा म्हणजे काय?

१९५७ मध्ये काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर हलवण्यात आले. इथल्या वारली पाड्यांवर वेगळीच अडचण होती. मोठी मुले गुरे राखत. ती शाळेत बसली तर घरचे काम अडणार होते. म्हणून शिक्षक साहित्य घेऊन मुलांमागे रानात गेले. गुरे चरत असताना झाडाखाली अक्षरओळख, मोजणी आणि निसर्गाचे निरीक्षण चाले.

लहान भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींची अडचणही अशीच होती. त्यावर विकासवाडी हा उपाय निघाला. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आल्या. मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन यायची, त्याला पाळणाघरात ठेवायची आणि वर्गात बसायची.

या प्रयोगाच्या मर्यादा कोणत्या?

कुरणशाळेमुळे मुलांचे काम थांबले नाही, घरची गरिबीही हटली नाही. शिवाय प्रत्येक पाड्याची गरज वेगळी असल्याने असे काम शिक्षकाच्या चिकाटीवर अवलंबून राहते. एकच वेळापत्रक सगळीकडे लावणाऱ्या सरकारी यंत्रणेला ते जमणे अवघड असते.

आज त्याचे महत्त्व काय?

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि अनुताईंनी काम पुढे नेले. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे.

पण पालघरसारख्या जिल्ह्यांतून आजही कुटुंबे हंगामात वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलेही त्यांच्यासोबत जातात. त्यांचे नाव पटावर असणे पुरेसे नाही. भट्टीवरच्या मुलाला शिकवायला तिथे कोण जाणार, हे ठरवावे लागेल. ताराबाईंच्या शिक्षकांनी हे काम गुरांमागे चालत केले होते.