कोबाल्टला धरलंय कुणी?

माझ्या रिपोर्टमध्ये बी-१२ कमी निघालं आणि इंजेक्शनं सुरू झाली. आपल्या शाकाहारी घरांत हे काही नवीन नाही म्हणा. पण सिस्टरच्या हातातली ती लालचुटुक कुपी बघून मी दचकलेच. हा रंग आहे कोबाल्ट धातूचा आणि त्याला धरून बसलेल्या अणूंचा. ते कोण, कसे बसलेत, हे शोधलं डोरोथी हॉजकिन यांनी.

डोरोथीबाईंचा जन्म १९१० चा, कैरोचा. शिकल्या, शिकवलं ते ऑक्सफर्डला. चोविसाव्या वर्षी संधिवाताने गाठलं. बोटं वाकडी होत गेली, पण नखाएवढेही नसलेले स्फटिक हाताळायचं काम काही सुटलं नाही. पदरात तीन मुलं, नवरा बराच काळ परगावी. हे सगळं सांभाळून!

१९४८ मध्ये बी-१२ चे लाल स्फटिक त्यांच्या हाती आले. स्फटिकातून क्ष-किरण सोडायचे, फिल्मवर ठिपके उमटतात, त्यांच्या कमी-जास्त गडदपणावरून अणूंच्या जागा ताडायच्या. हायड्रोजन सोडले तरी ९३ अणू! त्यात जड असा कोबाल्ट एकच, म्हणून तो आधी सापडला. मग त्याच्या आधाराने बाकीचे. गणितं इतकी किचकट, की अमेरिकेतल्या कॉम्प्युटरची मदत घ्यावी लागली.

१९५६ पर्यंत चित्र पुरं झालं. भोंडल्यात पाटावर मधोमध हत्ती आणि भोवती आपण फेर धरतो ना, तसा मध्ये कोबाल्ट आणि भोवती चार नायट्रोजन. पाचवा नायट्रोजन खालून, आणि वरून सायनाइडचा कार्बन. धातूला असं धरणाऱ्यांना लिगँड म्हणतात. (सायनाइड ऐकून घाबरू नका, औषधात ते अगदी नगण्य असतं.) खरी गंमत फेरातच होती. रक्तातल्या लोहाभोवती चार छोटी कडी असतात, शेजारच्या प्रत्येक दोन कड्यांमध्ये एकेक कार्बनचा दुवा. इथे एक दुवा गायब, दोन कडी थेट एकमेकींना चिकटलेली. असा फेर तोवर कुणालाच ठाऊक नव्हता. पण बाईंनी ठिपक्यांवर विश्वास ठेवला.

१९६४ मध्ये नोबेल मिळालं, तेही एकटीला. तर एका इंग्रजी दैनिकाने मथळ्यात त्यांना काय म्हणावं? ऑक्सफर्डची गृहिणी! गृहिणी असण्यात कमीपणा नाही हो, पण नोबेल काय घर सांभाळल्याबद्दल मिळालं होतं?

बाई मात्र इन्शुलिनकडे वळल्या होत्या. वळल्या कसल्या, त्याचा पहिला फोटो त्यांनी १९३५ मध्येच काढला होता. उत्तर मिळालं १९६९ मध्ये, चौतीस वर्षांनी. इन्शुलिनचे सहा रेणू एकत्र येतात, त्यांच्यात जस्ताचे दोन अणू. प्रत्येक जस्ताला तीन रेणूंनी एकेका नायट्रोजनने धरलेलं. तेव्हा त्या एकोणसाठ वर्षांच्या होत्या, आणि हातांची बोटं पार वाकलेली.