साइडवाइंडरवाले बिल मॅक्लीन: विमानातला इन्फ्रारेड डोळा गाडीवर कसा बसला?

टीव्हीचा रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. बऱ्याच फोनमध्ये स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. आपल्या डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सेन्सरला दिसतो, तो असा. गरम वस्तूही इन्फ्रारेड सोडतात, फक्त त्याची तरंगलांबी रिमोटपेक्षा जास्त असते. विमानाच्या इंजिनाची ही उष्णता हेरून मागे लागणारं क्षेपणास्त्र ज्यांनी घडवलं, त्या विल्यम मॅक्लीन यांची गोष्ट आज सांगतो.

मॅक्लीन यांचा जन्म १९१४ चा, अमेरिकेतल्या पोर्टलँडचा. कॅलटेकमधून १९३९ मध्ये त्यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. १९४५ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, चायना लेक इथल्या नौदलाच्या चाचणी केंद्रात आले. विमानातून सोडलेली साधी रॉकेटं चुकायची, कारण सुटल्यावर त्यांना वळवता येत नव्हतं. नेम धरणारी यंत्रणा विमानात वाढवत नेण्यापेक्षा तो नेम रॉकेटच्याच डोक्यात बसवू, असं मॅक्लीन यांनी ठरवलं. नौदलाने असं काही मागितलंच नव्हतं. त्यामुळे सुरुवातीचं काम केंद्राच्या हाताशी असलेल्या थोड्या पैशांवर चाललं.

त्यांची युक्ती साधी होती. नाकात एक फिरता आरसा आणि लेड सल्फाइडचा छोटा सेन्सर. लक्ष्याची दिशा किती वेगाने बदलतेय तेवढंच मोजायचं आणि त्या प्रमाणात वळायचं. क्षेपणास्त्र स्वतःभोवती गरगरू नये म्हणून मागच्या पंखांच्या टोकांना दातेरी चाकं लावली. ती वाऱ्यानेच फिरतात आणि भोवऱ्यासारखी तोल सांभाळतात. मला तर हा सगळ्यात भारी भाग वाटतो: त्यासाठी ना मोटर, ना बॅटरी!

सप्टेंबर १९५३ मध्ये या क्षेपणास्त्राने पहिल्यांदा चालकरहित विमान पाडलं. नाव पडलं साइडवाइंडर, उष्णतेवरून शिकार शोधणाऱ्या वाळवंटी सापावरून. १९५८ मध्ये तैवानच्या सेबर विमानांनी ते चिनी मिगवर वापरलं. त्यातलं एक न फुटता मिगमध्ये अडकून राहिलं आणि पुढे सोव्हिएत संघाच्या हाती गेलं. त्यावरून बनलं के-१३. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानच्या सेबरवर साइडवाइंडर होतं, आणि आपल्या मिग-२१ साठी आलं ते हे के-१३. म्हणजे एकाच डोक्यातली कल्पना सीमेच्या दोन्ही बाजूंना!

आता गाडीकडे येऊ. कमी उंचीवरून येणाऱ्या विमानांसाठी अमेरिकन लष्कर मॉलर नावाची रडारवाली यंत्रणा बनवत होतं. ती इतकी गुंतागुंतीची झाली की १९६५ मध्ये बंद करावी लागली. मग तयार असलेलं साइडवाइंडरच पट्ट्यांवर चालणाऱ्या गाडीवर चढवलं. एका गाडीवर चार क्षेपणास्त्रं, मध्ये बसलेला गनर. नाव चॅपरल. १९६९ मध्ये ते तुकड्यांमध्ये दाखल झालं.

क्षेपणास्त्र जवळपास तेच, पण जागा बदलली आणि गणितच बदललं. विमानातून सुटताना क्षेपणास्त्राला विमानाचा वेग आयता मिळतो. गाडीवरून सगळं शून्यापासून, म्हणून पल्ला कमी. हवेचा अडथळा कमी करायला चारपैकी दोनच पंखांवर ती चाकं ठेवली. पण खरी अडचण वेगळीच होती. हवेतल्या लढाईत वैमानिक शत्रूच्या मागे जातो, आणि तिथेच इंजिनाची गरम शेपटी दिसते. जमिनीवरच्या गनरकडे मात्र विमान नाक पुढे करून येतं. गरम भाग लपलेला असतो. म्हणजे विमान डोक्यावरून पुढे गेल्यावरच नेम लागणार. तोवर बॉम्ब पडलेले असायचे! शिवाय गनर डोळ्यांनी नेम धरायचा, म्हणून रात्री आणि धुक्यात काम अवघड.

यावर उपाय टप्प्याटप्प्याने आले. १९७० च्या दशकात समोरून येणारं विमानही पकडणारा नवा सेन्सर बनला. १९८० च्या दशकात गाडीवर थर्मल कॅमेरा बसला आणि गनरला अंधारातही दिसू लागलं.

मॅक्लीन तोवर या कामातून बाहेर पडले होते. १९५४ पासून ते चायना लेकचे तांत्रिक संचालक होते. १९६७ मध्ये ते नौदलाच्या समुद्राखालच्या संशोधन केंद्रात गेले. तिथे त्यांना वेड लागलं ते पारदर्शक पाणबुड्यांचं, आत बसलेल्या माणसाला चहूबाजूंनी समुद्र दिसावा म्हणून. १९७६ मध्ये त्यांचं निधन झालं. थर्मल कॅमेरावालं चॅपरल त्यांना बघायला मिळालं नाही.

तर पुढच्या वेळी कुठल्या गॅजेटच्या जाहिरातीत लढाऊ विमानातला सेन्सर वापरलाय असं वाचलंत, तर आधी एवढंच बघा: तो आता कुठे बसवलाय, आणि तिथून त्याला काय दिसतं?